रात्रपाळीतला मोह टाळायला घेतलेला कीपॅड फोन: माझा अभिप्राय

फोन साधा आहे. बटणांचा, चार-जी, किंमत दोन हजारांच्या आसपास, सांगलीत हरभट रोडवरच्या एका दुकानातून घेतला. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण याच जातीचे फोन तीन-चार कंपन्यांचे मिळतात आणि त्यांत फरक फार नाही. मात्र तो कशासाठी घेतला हे आधी सांगितलं पाहिजे. बॅटरी किती चालते एवढंच बघायचं असेल तर ते कुठेही वाचायला मिळेल.

मी मिरजेत औषधाच्या दुकानात रात्रपाळी करतो. डॉ. वानलेस यांनी १८९४ साली इथं मिशन हॉस्पिटल उभं केलं, तेव्हापासून हे गाव दवाखान्यांचंच झालंय. बेळगाव, विजापूरकडचे पेशंट येतात, नातेवाईक रात्री-अपरात्री चिठ्ठी घेऊन धावत येतात, म्हणून दुकान उघडं ठेवावं लागतं. पण दोन ते चार या वेळात बहुतेक कुणी फिरकत नाही. ट्यूबलाइट, फ्रिजची घरघर आणि हातात स्मार्टफोन. ख्रिस्ती माणसाची परीक्षा म्हटलं की आपल्याला मोठे प्रसंग आठवतात. माझी परीक्षा याच दोन तासांत होते. गाण्याच्या रील्सवरून बोट पुढं सरकत कुठल्या घाणीपाशी पोहोचतं, ते रात्रपाळी करणाऱ्या कुणालाही विचारा. दुसरी ओढ पैशांच्या खेळांची. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, चांगलंच केलं. पण "दादा, नवीन लिंक आलीय" असे मेसेज काही थांबले नाहीत.

दर रविवारी आपण उपासनेत म्हणतो, "आम्हांला परीक्षेत आणू नको, तर आम्हांला वाइटापासून सोडव." ही प्रार्थना करायची आणि सोमवारी रात्री परीक्षा आपणच खिशात घालून कामावर जायचं, हे मला पटेना. बायबलमधल्या योसेफाला त्याच्या धन्याची, पोटीफराची, बायको मोहात पाडायला लागली तेव्हा तो वाद घालत बसला नाही. वस्त्र तिच्या हातात सोडून बाहेर पळाला. प्रेषित पौलही आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, तरुणपणाच्या वासनांपासून पळ काढायलाच सांगतो. आमच्या पाळकसाहेबांशी बोललो, घरी हिच्याशी बोललो. ठरलं असं की स्मार्टफोन घरी हिच्याकडं राहील आणि कामावर मी बटणांचा फोन नेईन.

आता घेताना काय बघायचं ते. कीपॅड म्हणजे इंटरनेट नाही, हा गैरसमज आहे. चार-जी कीपॅडच्या बऱ्याच मॉडेलांत यूट्यूब असतं, काहींत फेसबुक, काहींत छोटा ब्राउझर. दुकानातल्या पोरानं मला पहिला फोन दाखवला तो असाच. म्हणाला, "काका, यात व्हिडिओ पण मस्त चालतात." मी म्हटलं, "बाबा, जे चालत नाही तेच दाखव." त्याला नवल वाटलं, पण शोधून दिला. मेनूतली प्रत्येक खूण उघडून बघा आणि मगच पैसे द्या.

आवाज खणखणीत आहे. चार्जिंग आठवड्यातून एक-दोनदा. टॉर्च चांगला, लाइट गेली की खालच्या खणातली औषधं शोधायला उपयोगी पडतो. मराठी टायपिंग मात्र वैताग आहे, एका ओळीला पाच मिनिटं लागतात, म्हणून मी सरळ फोनच लावतो. पैसे द्यायला यूपीआय १२३पे आहे, रिझर्व्ह बँकेनं २०२२ मध्ये खास साध्या फोनसाठी सुरू केलेलं. पण चहाच्या गाड्यावर दहा रुपयांसाठी ते करत बसवत नाही. खिशात सुट्टे पैसे ठेवावे लागतात.

सर्वांत जास्त वापर होतो तो मेमरी कार्डचा. त्यावर नव्या कराराचं मराठी ऑडिओ भरून घेतलं. इथं एक अडचण आली, ती नीट सांगतो कारण वेळ फार खाते. हा फोन फाइली नावाच्या क्रमानं वाजवतो. मत्तयाच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय झाला की दुसरा येत नाही, थेट दहावा येतो, मग अकरावा, असं एकोणिसाव्यापर्यंत जाऊन मग दुसरा. डोंगरावरचं प्रवचन बाजूलाच राहतं आणि बारा शिष्यांना पाठवणं आधी येतं. उपाय सोपा आहे. कॉम्प्युटरवर फाइलींना ०१, ०२ अशी दोन आकडी नावं द्यायची. मत्तयाचे २८ अध्याय मुलीनं बसून बदलून दिले, आता सुरळीत ऐकतो.

हे ऑडिओ नसतं तर फोनचा उपयोग निम्माही झाला नसता, असं माझं ठाम मत आहे. पहिल्या काही रात्री हात नुसते शिवशिवत होते. स्क्रीन गेली आणि जागा रिकामी झाली. प्रभूनं सांगितलेला तो दाखला आहे ना, अशुद्ध आत्मा निघून जातो, परत येऊन बघतो तर घर झाडून-सजवून ठेवलेलं, पण रिकामं, मग तो स्वतःहून वाईट असे आणखी सात घेऊन येतो. फोन घर झाडून देतो. आत कोणाला राहायला बोलवायचं ते आपणच बघायचं. अरण्यात चाळीस दिवसांच्या उपासानंतर सैतान आला तेव्हा प्रभूनं तिन्ही वेळा शास्त्रातूनच उत्तर दिलं, आणि ती तिन्ही वचनं जुन्या करारातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या सहाव्या आणि आठव्या अध्यायांतली आहेत. या फोनवर वचन शोधायची सोय नाही, म्हणून ते दोन्ही अध्याय कागदावर उतरवून काउंटरच्या काचेखाली ठेवलेत आणि पाठ करतोय. आठव्याचा बराचसा झालाय.

उणीव सांगायची तर मोठी एकच. हा फोन फक्त स्वतःचं दार बंद करतो. दुकानात बिलाचा कॉम्प्युटर आहे आणि त्याला इंटरनेट आहे. ही पळवाट मन लगेच हुडकतं. मालकांना मी मोघम न बोलता कारण सांगितलं. ते ख्रिस्ती नाहीत, पण त्यांनी मान राखला. स्क्रीन रस्त्याकडं तोंड करून ठेवली आणि बिलिंगशिवाय बाकी सगळं पासवर्डमागं टाकलं. असं मोकळेपणानं सांगता येईल असं कुणी नसेल तर नुसता फोन बदलून फार काही होणार नाही. आमच्या मंडळीतला, म्हणजे चर्चमधला, एक भाऊ बेकरीत पहाटेच्या भट्टीवर असतो. तीनच्या सुमारास मी त्याला मिस्ड कॉल देतो, त्याचा उलट येतो. म्हणजे दोघंही प्रार्थनेत आहोत. एखाद्या रात्री फार जड गेलं तर उचलून बोलतो, आणि तो "सलाम, भाऊ" म्हणून आधी ऐकून घेतो, उपदेश करत नाही. त्यासाठी या फोनचा स्पष्ट आवाज आणि न संपणारी बॅटरी खरोखर कामाला येते.

पाचपैकी चार तारे. मराठी टायपिंगचा एक कापला. शाळेचे, मंडळीचे व्हॉट्सअॅप ग्रुप घरच्या फोनवर येतात, महत्त्वाचं असेल तर ही फोन करून सांगते, अजून काही अडलेलं नाही. ज्यांचं कामच व्हॉट्सअॅपवर चालतं त्यांनी हा घेऊ नये, दोन दिवसांत कपाटात जाईल. घेणार असाल तर मेमरी कार्ड त्याच दुकानात घालून, एखादी फाइल वाजवून बघा, आणि चार्जरची पिन जुन्या पद्धतीची आहे, टाइप-सी नाही, तेव्हा डब्यातला चार्जर जपून ठेवा.