स्वॅटमध्ये पेरणी कशी लावावी: हीट युनिटने की तारखेने?

बेळगाव तालुक्यातील मार्कंडेय नदीच्या पाणलोटासाठी मी स्वॅट (पाणी, माती आणि पिकांचा हिशेब मांडणारे संगणकीय मॉडेल) चालवले, तेव्हा नदीच्या प्रवाहाचे आकडे बऱ्यापैकी जुळले, पण सोयाबीन मात्र हेक्टरी जेमतेम 0.2 टन आले. आमच्या रानात बऱ्या वर्षी एकरी 8 क्विंटल, म्हणजे हेक्टरी सुमारे 2 टन पडते. पीक-गुणांकांवर संशय घेऊन मी आठवडाभर बायो-ई (उन्हाच्या ऊर्जेतून पीक किती वाढते तो गुणांक) आणि हार्वेस्ट इंडेक्स (एकूण वाढीतला उत्पन्नाचा हिस्सा) वरखाली करत बसलो. बिघाड निघाला व्यवस्थापनाच्या, म्हणजे पेरणी-कापणी केव्हा हे लिहिलेल्या फाइलमध्ये.

हीट युनिट म्हणजे दिवसाचे सरासरी तापमान ठरावीक आधार-तापमानाच्या जितके अंश वर असेल, त्यांची रोजची बेरीज. आर्कस्वॅट (नकाशावरून स्वॅटच्या फाइली तयार करणारे साधन) आपण होऊन जे वेळापत्रक लावते, त्यात पेरणी वर्षभराच्या हीट युनिटचा 0.15 हिस्सा भरला की होते. ही बेरीज शून्य अंशाच्या आधाराने 1 जानेवारीपासून सुरू होते आणि आपल्याकडे थंडीतही पारा फारसा उतरत नसल्याने तो हिस्सा फेब्रुवारीच्या अखेरीसच भरतो. मिरगाला अजून 3 महिन्यांहून अधिक अवधी असतो. वडिलांना हे सांगितले, तर ते म्हणाले, "शिमग्याला सोयाबीन पेरतंय कोण?" निकालाच्या फाइलमध्ये पाण्याच्या ताणाचे दिवस पाहिले असते, तर तो आठवडा वाचला असता. जिथे हंगाम उबेने उघडतो तिथे ही पद्धत शोभते. आपला हंगाम पाऊस उघडतो.

तरीही तिला सरसकट नाकारणे योग्य होणार नाही. खोरे मोठे असून तापमानात ठिकठिकाणी फरक असेल, किंवा भविष्यातील तापमानवाढीचा अभ्यास असेल, तर पीक लवकर पक्व होण्याचा परिणाम ती आपोआप दाखवते. केवळ प्रवाह हवा असेल, तर बहुधा तिच्यावर भागते.

तारखेची पद्धत कंटाळवाणी आहे, हे मान्य करावे लागेल. एकच तारीख सगळ्या वर्षांना लावली, तर पाऊस लांबलेल्या वर्षी बी कोरड्या मातीत पडते. म्हणून मी पर्जन्यनोंदी पाहून, वापसा केव्हा आला असेल याचा अंदाज बांधून, दर वर्षाची पेरणी वेगळी लिहिली. शिवाय तारीख दिली म्हणून हीट युनिटपासून सुटका होत नाही. सोयाबीनचा आधार 10 अंश धरला, तर आपल्या पावसाळी हवेत 105 दिवसांत साधारण 1400 युनिट जमतात. पक्वतेसाठी 1800 लिहिले, तर कापणीच्या तारखेला पीक अर्धेकच्चे राहून उतारा पुन्हा घसरतो.

उसासाठी मात्र मला तारखेशिवाय मार्ग दिसला नाही. जुलै-ऑगस्टमध्ये लावलेला आडसाली ऊस 16 ते 18 महिने उभा असतो, त्यानंतर खोडवा असतो. तो एका वर्षाच्या ठोकळ वेळापत्रकात बसत नाही. बहुवार्षिक फेरपालट लिहून पहिल्या तोडीला फक्त कापणी आणि खोडव्याच्या अखेरीस कापणीसह पीक संपवणे, अशा नोंदी केल्या. एकरी 40 टनांचा ऊस मॉडेलमध्ये हेक्टरी 30 टनांच्या आसपास दिसला, तर घाबरू नये; मॉडेल कोरडे वजन देते आणि उसात सुमारे 70 टक्के पाणीच असते.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने स्वॅट प्लस या नव्या आवृत्तीतील निर्णय-तक्ते (अमुक अट पुरी झाली की अमुक काम, असे नियम) आधी पाहावेत, कारण तिथे मातीतील ओलाव्यावर पेरणी बांधता येते. जुन्याच आवृत्तीत राहायचे असेल, तर मी तारखांकडे झुकेन. माझे सोयाबीन आता 1.7 टनांवर आले आहे, आणि उरलेला फरक माळावरच्या उथळ मातीचा असावा असे वाटते.