ओट्याखालचं काम कुणाला द्यायचं: कंपनी, घरी येऊन काम करणारा मिस्त्री की मिस्त्रीचं वर्कशॉप?

पुण्यात फ्लॅटची किल्ली हातात आली की महिन्याभरात किचनचा विषय निघतोच. आम्ही आठ वर्षांत दोन किचन करून घेतली. पहिलं मॉड्युलर कंपनीकडून, दुसरं एका राजस्थानी मिस्त्रीकडून.

आधी कंपनी. शोरूममधलं थ्री-डी चित्र बघून भुलायला होतं, पण काही गोष्टी खरंच चांगल्या असतात. कपाटं कारखान्यात कापून येतात, कडांना मशिनवर गरम ग्लूने पट्टी बसलेली असते, बिजागरीचं ३५ मिमीचं भोक प्रत्येक दारात त्याच जागी. घरात चार-पाच दिवस ड्रिलचा आवाज, की काम संपलं. ज्यांना घरी थांबायला सुट्टी मिळत नाही किंवा फ्लॅट भाड्यानेच द्यायचा आहे, त्यांनी फार घोळ न घालता इकडे जावं.

गफलत होते कोटेशनमध्ये. दर बहुधा दर्शनी चौरस फुटाचा असतो; बास्केट, ड्रॉवर सरकवणारे चॅनल, कोपऱ्यातलं फिरतं कपाट हे सगळं वर चढतं. आणि ‘वॉटरप्रूफ बोर्ड’ म्हणजे नेमकं काय, ते लिहून मागा. आमच्याकडे सिंकखाली निघाला पार्टिकल बोर्ड, म्हणजे लाकडाचा चुरा दाबून केलेला. आपल्याकडे रात्री ओटा धुतात, नुसता पुसत नाहीत. तिसऱ्या पावसाळ्यात तळाचा बोर्ड चहात बुडवलेल्या खारीसारखा फुगला. कंपनीच्या माणसाने वॉरंटी कार्डावरची ओळ दाखवली: पाण्याने झालेलं नुकसान धरलेलं नाही. निम्मी चूक माझी, ते कार्ड मी तोवर वाचलंच नव्हतं.

दुसरा पर्याय आपल्या घरी येऊन, तिथेच बसून काम करणाऱ्या मिस्त्रीचा. मुंबई-पुण्यात ही मंडळी बरीचशी जोधपूर, नागौर, पाली भागातली, सुतार, जांगिड समाजांतली. सोळाव्या वर्षी काकाच्या किंवा मामाच्या हाताखाली हेल्पर म्हणून यायचं, साइटवर प्लायच्या शीटवरच झोपायचं, अशी ही शाळा. आमच्या मिस्त्रीने पहिल्या दिवशी टेप काढायच्या आधी कोपऱ्यात गुण्या, म्हणजे काटकोन तपासायची पट्टी, लावला आणि म्हणाला, “भाभी, दीवार आउट है.” दोन हातांच्या लांबीत भिंत पाऊण इंच बाहेर गेलेली. कंपनीने अशाच ठिकाणी उभी फिलर पट्टी ठोकून फट बुजवली होती. याने बाजूची फळी भिंतीच्या रेषेत रंधून बसवली. मग माझा पिठाचा डबा मागितला, कुकर मागितला, आणि ड्रॉवरची उंची त्यावरून ठरवली. इतकं कुठल्या शोरूममध्ये कुणी विचारलं नव्हतं.

पण याचीही किंमत आहे. महिना-दीड महिना घरात भुसा. कडांची पट्टी हाताने चिकटवलेली, ती शेगडीजवळ आधी सुटते. आणि मालाचा प्रश्न. नुसती मजुरी ठरवली तर प्लाय तुम्ही आणायचा. माल त्याच्यावर सोपवला तर दुकानदाराचं कमिशन त्यात आलं, हे गृहीतच धरा. मी स्वतः भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये गेले. शीटवर आयएसआय खूण आणि ‘आयएस ७१०’ हा आकडा बघायचा, तो मरिन, म्हणजे पाण्याला टिकणारा प्लाय. ‘आयएस ३०३’मधला एमआर, म्हणजे नुसता ओलावा सोसणारा ग्रेड बेडरूमच्या कपाटाला चालतो, सिंकखाली नाही. आयएस ७१०च्या चाचणीत प्लायचा तुकडा ७२ तास उकळतात. मी घरी कापातला तुकडा दिवसभर पातेल्यात उकळला. थर सुटले नाहीत. सासूबाई अजून त्यावरून हसतात.

तिसरा प्रकार हल्ली नऱ्हे, धायरी भागात बराच दिसतो, आणि माझं मत त्याच्या बाजूला झुकतं. वीसेक वर्षं लोकांच्या घरात बसून काम केलेला मिस्त्री पत्र्याची शेड भाड्याने घेतो, फळ्या कापायचा पॅनल सॉ आणि कडांना पट्टी लावायचं एज-बँडिंग मशिन कर्जावर उचलतो, गावाकडचे चार पोरं हाताखाली ठेवतो. माप घरी येऊन घेणार तोच, गुण्या लावणार तोच. कापणं आणि कडा मशिनवर. भुसा त्याच्या शेडमध्ये राहतो. पैसे कंपनीपेक्षा कमी, घरी बसणाऱ्यापेक्षा थोडे जास्त. मात्र शेड बघितल्याशिवाय ॲडव्हान्स देऊ नका. मशिन खरंच त्याचं आहे की शेजाऱ्याकडून कापून आणतो, ते तिथे कळतं. दुसऱ्याचं चालू असलेलं काम दिसलं तर एखादी फळी उलटी करून कडा बघा. पक्कं बिल मागितल्यावर तो कुरकुरला तर दुसरी शेड बघा.

पैसे टप्प्याने द्या: माल आल्यावर काही, सांगाडे बसल्यावर काही, आणि शेवटचा हप्ता दारं लावून झाल्यावर आठवडाभराने. तेवढ्या दिवसांत कुठलं दार खाली लोंबतंय ते समजतं. बिजागऱ्या आणि चॅनल कोणत्याही पर्यायात नावाजलेल्या कंपनीचेच, बॉक्स तुमच्यासमोर फोडायला सांगा. ग्रॅनाइटवाल्याला पुढच्या कडेखाली बारीक खाच मारायला सांगा, म्हणजे ओटा धुतलेलं पाणी दारांवर न उतरता तिथून सुटून खाली पडतं.

आणि तारीख बघून काम द्या. होळीच्या तोंडावर बरेच कारागीर गावी जातात, आणि माघ शुद्ध त्रयोदशीला, विश्वकर्मा जयंतीला, हत्यारांची पूजा असते. त्या दिवशी आमच्याकडे करवतीला हळद-कुंकू लागलं होतं आणि अर्धं किचन तसंच उभं होतं. चहा मात्र मिस्त्रीने पाजला.