शंभर टक्के हेट, पण अल्बिनो एकही नाही

अल्बिनो पिल्लांसाठी घेतलेल्या बॉल पायथन सापांच्या जोडीचे ५६५ डॉलर. नराचे १४०, मादीचे ३६०, पाठवणीचे ६५. आकडा आधीच लिहून टाकते, कारण "किती गेले?" असं विचारून लोक वर "एवढेच ना!" म्हणतात. एवढेच नाहीत. मादीचं वजन दीड किलोवर नेऊन तिला अंड्यांवर आणेपर्यंत खाण्यात, हीटरमध्ये आणि इन्क्युबेटरमध्ये जे गेलं त्याचा हिशेब मी ठेवायचाच सोडला.

आणि "न शिकता उडी मारली असेल" असं कृपा करून म्हणू नका. बॉल पायथनमधला अल्बिनो, म्हणजे अंगात काळा रंगच नसणं, अप्रभावी असतो, आईकडून एक आणि बापाकडून एक अशा जनुकाच्या दोन्ही बिघडलेल्या प्रती आल्याशिवाय रंग दिसत नाही, एकच आली तर तो हेट, म्हणजे नुसता वाहक, आणि दिसायला अगदी साधा, हे मला तोंडपाठ होतं. म्हणूनच ६६ टक्केवाले घेतले नाहीत. दोन हेटांच्या साध्या पिल्लांपैकी तीनातली दोन वाहक असतात, पण कुठली दोन हे बघून कळत नाही. असला जुगार नको म्हणून जास्त पैसे मोजून शंभर टक्के हेट घेतले, म्हणजे आईबापांपैकी एक डोळ्यांना दिसणारा अल्बिनो. आईबापांचे फोटो होते, अंडी फुटल्याची तारीख होती, दोघांच्या कागदावर "१०० टक्के हेट अल्बिनो" असं होतं.

आता तो फोटो. नराच्या बापाचा ठीक होता: पांढरं अंग, पिवळी नक्षी, लाल डोळे. मादीच्या आईची नक्षी पिवळी, डोळे लाल, पण मधलं अंग फिकट जांभळट. मला ते दिसलं होतं. विक्रेत्याला विचारलंही होतं. "फ्लॅश हो ताई, फोन जुना आहे." आणि मी "बरं" म्हणाले! त्याच फोटोत सापाखाली कागद होता, पांढराशुभ्र. फ्लॅशनं एकट्या सापालाच जांभळं केलं आणि कागद सोडला? आजही तो फोटो उघडला की डोकं फिरतं. पण समोरचा इतक्या सहज बोलत होता की शंका घेणं म्हणजे भांडण काढणंच वाटलं असतं.

ती आई लॅव्हेंडर अल्बिनो, म्हणजे वेगळ्याच प्रकारची अल्बिनो होती, हे पुढे तपासणीत कळलं. नेहमीच्या अल्बिनोत टीवायआर हे जनुक बिघडलेलं असतं, लॅव्हेंडरमध्ये ओसीए२. नराची बिघडलेली प्रत एका जनुकाची, मादीची दुसऱ्याच. पिल्लाला दोन्ही मिळाल्या तरी प्रत्येक जनुकाची दुसरी, धड प्रत काम करत राहते आणि पिल्लू साधंच निघतं. बोआ हे दुसऱ्या जातीचे साप पाळणाऱ्यांना हे नवीन नाही. "काल" (Kahl) आणि "शार्प" या नावांच्या दोन अल्बिनो वाणांची जोडी लावली की सगळी पिल्लं साधी. बॉल पायथनची जनुकं तर २०२२ च्या अभ्यासात छापून आलीत, आणि त्यासाठी पाळणाऱ्यांकडच्या काती वापरल्या होत्या. नुसतं "अल्बिनो" लिहिलेला कागद घेऊच नका. कुठला अल्बिनो, ते लिहून मागा.

पहिल्या खेपेला सहा अंडी. कवच कापून एकेक थोबाड बाहेर येत होतं, काळंतपकिरी, डोळेही काळे. विक्रेता म्हणाला, नशीब. हिशेबानं ते बरोबरही होतं, कारण खऱ्या हेट जोडीची सहाच्या सहा साधी निघण्याची शक्यता १८ टक्के असते. पुढच्या खेपेला सात, सातही साधी. तेरा म्हटल्यावर ती २.४ टक्क्यांवर येते. तेव्हा दोघांच्या काती तपासायला पाठवल्या, ९० डॉलर आणखी. जे विकत घेतानाच करायचं असतं ते. कात फुकट पडते, तीही पाठवायला विक्रेता कुरकुरला तर तिथूनच उठा.

बँक म्हणाली, पैसे तुम्ही "मित्राला भेट" म्हणून पाठवलेत, परत मिळणार नाहीत. तसे पाठवा म्हणजे १४ डॉलर शुल्क वाचेल, हे मला विक्रेत्यानंच सुचवलं होतं. असं कोणी सुचवलं तर ते १४ डॉलर आनंदानं भरा. पोलिसांनी विचारलं, साप मेला का? पळाला का? नाही? मग फसवणूक कसली? अर्जावर लिहून घेतलं, "पाळीव प्राण्याचा रंग पसंत नाही." मी पिल्लांचा रंग म्हणत होते! वन्यजीव कार्यालयाला फक्त माझे परवाने बघायचे होते. ते बघून झाल्यावर मला ग्राहक तक्रार कक्षाकडे ढकललं. तिथल्या बाईंनी अहवाल वाचला आणि म्हणाल्या, दोघंही वाहक आहेत असंच इथे लिहिलंय, म्हणजे विक्रेता खरंच बोलला की. लॅव्हेंडर वेगळं, हे समजावलं तर तज्ज्ञाचा दाखला आणा. प्रयोगशाळेचा अहवाल हाच दाखला म्हटलं, तर तो कातीचा आहे, सापाचा नाही. ती कात याच सापाची कशावरून? यावर काय बोलणार? शेवटी अर्ज "आपसांत मिटवावे" असा शेरा मारून परत आला.

आपसांत मिटवण्याचा त्याचा प्रस्तावही आलाय. तेरा पिल्लं प्रत्येकी २५ डॉलरनं तो घ्यायला तयार आहे. त्यांतलं प्रत्येक पिल्लू ५० टक्के हेट अल्बिनो आणि ५० टक्के हेट लॅव्हेंडर आहे, म्हणजे दोन्हींचं वाहक असण्याची शक्यता निम्मी-निम्मी. तो जाहिरातीत यातला कुठला शब्द गाळेल हे मला सांगायला नको. पिल्लं मी दिलेली नाहीत, देणारही नाही. त्याच्याकडे अशा आणखी जोड्या आहेत आणि जाहिरात चालूच आहे. जांभळट अंगाच्या आईचा आणि खाली पांढऱ्या कागदाचा फोटो कोणाला आला असेल, तर पैसे पाठवू नका.