हेडलाइट दुरुस्तीच्या नावाखाली २८,४०० रुपयांची फसवणूक: जुन्या कॅम्पर व्हॅनच्या मालकांनी अवश्य वाचावे

जुन्या कॅम्पर व्हॅनचे हेडलाइट मंद झाले म्हणून एका गॅरेजवाल्याने माझ्याकडून २८,४०० रुपये घेतले आणि त्यांतल्या एकाही रुपयाने दोष दूर झाला नाही. नवा अल्टरनेटर (इंजिनाच्या जोरावर वीज तयार करून बॅटरी चार्ज करणारा भाग) १४,८००, पूर्ण वायरिंग ९,२००, जास्त प्रकाशाचे बल्ब २,६०० आणि मजुरी १,८००, असा त्याचा हिशेब होता. प्रत्यक्षात अल्टरनेटर बदललेलाच नव्हता, जुन्याच वायरिंगवर नवी काळी टेप गुंडाळली होती, आणि नव्या बल्बांनी असलेल्या दोषात भर घातली. खरा दोष डाव्या दिव्यामागच्या अर्थिंगच्या, म्हणजे बल्बमधली वीज गाडीच्या बॉडीत परत नेणाऱ्या जोडाच्या, गंजलेल्या बोल्टमध्ये होता. तो दुसऱ्या इलेक्ट्रिशियनने शोधला, जागा घासून नवे थिंबल (तारेच्या टोकाची धातूची कडी) बसवले आणि ३५० रुपये घेतले.

लक्षणे लपलेली नव्हती. दोन्ही दिवे पिवळट पडले होते, डावा अधिक. आणि डावा इंडिकेटर लावला की त्याच्या उघडझापीबरोबर हेडलाइटही कमीजास्त होत असे. बल्बमधून बॉडीकडे परत जाणाऱ्या विजेला नीट वाट मिळाली नाही, की ती शेजारच्या दिव्याच्या तारेतून वाट शोधते आणि असे घडते. कॅम्परमध्ये तर हा संशय आधी यायला हवा, कारण आधीच्या मालकांनी पाण्याचा पंप, आतले दिवे, दुसरी बॅटरी असे जे काही जोडलेले असते, त्यातल्या बऱ्याच मायनसच्या तारा सापडेल त्या बोल्टखाली दाबलेल्या असतात. इंडिकेटरची गोष्ट मी गॅरेजवाल्याला स्वतः दाखवली होती. त्यामुळे त्याच्या लक्षात आले नसेल, ही सबब मी मान्य करणार नाही.

ज्या क्षणाने अजूनही माझा संताप होतो, तो असा. त्याने बॅटरीवर मीटर लावला, १२.४ व्होल्टचा आकडा मला दाखवला आणि म्हणाला, "बघा ताई, इथे चौदाच्या आसपास यायला पाहिजे. अल्टरनेटर संपला आहे." मीटरवरचा आकडा खरा होता आणि त्याने सांगितलेला अपेक्षित आकडाही खरा होता, खोटे एवढेच होते, की इंजिन बंद होते आणि गाडीची किल्ली माझ्याच हातात होती. अल्टरनेटर इंजिनावर फिरतो. इंजिन बंद असताना दिसतो तो केवळ बॅटरीचा व्होल्टेज, आणि १२.४ ही बऱ्यापैकी चार्ज असलेल्या बॅटरीची खूण आहे. इंजिन चालू करून मोजले असते, तर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले असते आणि त्याचा सगळा बनाव तिथेच कोसळला असता. किल्ली माझ्या हातात, आकडा माझ्या डोळ्यांसमोर, आणि तरीही ते लक्षात आले नाही. पण यंत्र लावून, आकडा दाखवून, ठाम स्वरात सांगणाऱ्या कारागिरावर विश्वास ठेवणे हा मूर्खपणा आहे असे मी मानत नाही. डॉक्टरने थर्मामीटर दाखवल्यावर आपण तो झटकला होता का असे विचारत नाही. मी १५,००० रुपये आगाऊ दिले आणि गाडी ताब्यात घेताना उरलेले १३,४०० दिले.

बल्बांचा प्रकार तर सरळ जिवावरचा होता. मूळचे बल्ब ६०/५५ वॉटचे होते, म्हणजे लांबच्या झोताला ६० आणि जवळच्या झोताला ५५. त्याने १००/९० वॉटचे बसवले. माझ्या व्हॅनसारख्या अनेक जुन्या गाड्यांत रिले (दिव्यांचा मोठा प्रवाह स्विचऐवजी स्वतःमधून नेणारा भाग) नसतो आणि दिव्यांचा सगळा प्रवाह स्विचमधून आणि डिपरमधून (लांबचा-जवळचा झोत बदलणाऱ्या खटक्यातून) जातो. ५५ वॉटच्या दोन बल्बांना सुमारे ९ अँपिअर लागतात, ९० वॉटच्या दोन बल्बांना १५. पहिले काही दिवस प्रकाश थोडा वाढल्यासारखा वाटला आणि दुरुस्ती झाली असा माझा समज झाला. मग एका रात्री भर वळणावर दोन्ही दिवे गेले. डिपरचे कॉन्टॅक्ट जळले होते आणि डाव्या बल्बचा होल्डर वितळला होता.

दुसऱ्या इलेक्ट्रिशियनने इंजिन चालू ठेवून आणि दिवे लावून मोजमाप केले. बॅटरीवर १३.९ व्होल्ट, डाव्या बल्बवर १०.६. वाटेत हरवलेल्या ३.३ व्होल्टपैकी २.७ एकट्या अर्थिंगच्या बाजूला जात होते. व्होल्टेज दहा टक्क्यांनी घटला तरी हॅलोजन बल्बचा प्रकाश जवळपास तीस टक्क्यांनी घटतो, म्हणजे इथे काय उरले असेल ते कळेल. बल्ब काढून रिकाम्या होल्डरवर कोणी मीटर लावून दाखवला तर त्यावर विसंबू नका; प्रवाहच वाहत नसल्यामुळे गंजलेला जोडही तिथे पूर्ण व्होल्टेज दाखवतो. "नव्या" अल्टरनेटरवरचा चंदेरी रंग पुसल्यावर जो क्रमांक निघाला, तोच गाडी घेताना मी काढलेल्या इंजिनाच्या फोटोत आहे. असे फोटो काढून ठेवा.

हा फोटो, दोन्ही बिले आणि वितळलेला होल्डर घेऊन मी पोलिसांकडे गेले. "हा दिवाणी वाद आहे" असे सांगून त्यांनी अर्जसुद्धा वाचला नाही. न बसवलेला भाग बसवला असे सांगून पैसे घेणे ही फसवणूक नसेल, तर फसवणूक म्हणायचे कशाला? वाहतूक कार्यालयात गॅरेज आमच्या अखत्यारीत येत नाहीत असे उत्तर मिळाले. म्हणजे माझ्या गाडीचे दिवे मंद असले तर दंड करायला हेच कार्यालय तत्पर, पण दिवे दुरुस्त करतो म्हणून जाळणाऱ्याला विचारणारे कोणीच नाही. ग्राहक तक्रारीच्या खिडकीवर बिल पाहून मान हलवण्यात आली, कारण त्यावर फक्त "इलेक्ट्रिकल काम, २८,४००" एवढेच लिहिलेले आहे आणि भागांचा हिशेब तोंडी दिलेला होता. शिवाय तज्ज्ञाचा लेखी अहवाल आणा, असे सांगितले. तो कोणी द्यायचा, हे सांगायला मात्र तिथे कोणी तयार नव्हते. प्रत्येक टेबलावरचा माणूस पुढच्या टेबलाकडे बोट दाखवतो आणि तेवढ्या काळात तो गॅरेजवाला आणखी कोणाला तरी बंद इंजिनावर मीटर लावून दाखवत असतो, याची यांपैकी कोणालाही चाड नाही.

काढलेला प्रत्येक जुना भाग हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. बिलावर प्रत्येक भागाचे नाव, क्रमांक आणि किंमत वेगळी लिहून घ्या; तोंडी हिशेबाला पुढे कोणी विचारत नाही. रिले न बसवता जास्त वॉटचे बल्ब सुचवणाऱ्याकडून गाडी तशीच परत आणा. आणि स्वतः तपासायचे असेल तर दिवे लावून मीटरचे एक टोक बॅटरीच्या मायनसवर आणि दुसरे बल्बच्या अर्थ टर्मिनलवर ठेवा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसले, तर दोष अर्थिंगमध्ये आहे. अल्टरनेटरचे नाव काढणाऱ्याला हाच आकडा दाखवा.

दुसऱ्या इलेक्ट्रिशियनने आपली सगळी मोजमापे सहीनिशी लिहून दिली आहेत आणि ती जोडून मी ग्राहक तक्रार पुन्हा दाखल केली आहे. मागणी पूर्ण २८,४०० रुपयांची आहे, आणि जळालेल्या डिपरचा व होल्डरचा खर्च वेगळा.