सशाची पेटी म्हणून गळ्यात मारलेली पिशवी

आमचा चिकू अडीच किलोचा ससा. सशाचे दात जन्मभर वाढतात. चिकूच्या दाढा टोकदार होऊन जिभेला लागत होत्या आणि त्याने गवत सोडलं होतं. डिचोलीहून पणजीला डॉक्टरांकडे न्यायचं होतं, म्हणून मी इन्स्टाग्रामवर पेटी शोधली.

फोटोत टणक प्लास्टिकची पेटी होती. वरून उघडणारं झाकण, पुढे लोखंडी जाळीचं दार, कडीशेजारी एक पांढरा ओरखडा. खाली मोठ्या अक्षरांत 'आयाटा अप्रूव्हड'. मी त्याच शब्दांना भुलले. नंतर कळलं की आयाटा ही विमान कंपन्यांची जागतिक संघटना. ती विमानाने न्यायच्या प्राण्यांच्या पेट्यांचे नियम ठरवते, पण कुठल्याच कंपनीच्या पेटीला मान्यता देत नाही. पैसे आधी मागितले, २,४०० रुपये. आई म्हणाली होती, "अगं, म्हापशाला दुकानात बघ की आधी." मी ऐकलं नाही.

आली ती कापडी पिशवी. एका बाजूला नायलॉनची जाळी, तळाला पातळ पुठ्ठा. वेष्टनावर ना बनवणाऱ्याचं नाव, ना छापील किंमत. कायद्याने दोन्ही हवीत. विचारलं तर उत्तर आलं, "मॅडम, हेच नवीन मॉडेल आहे." दुसऱ्याच दिवशी सकाळची अपॉइंटमेंट होती, म्हणून नाइलाजाने त्यातच चिकूला ठेवलं. ही चूक माझी.

मे महिना, भाऊ गाडी चालवत होता. प्रत्येक वळणावर पुठ्ठा दुमडायचा आणि चिकू कोपऱ्यात घसरायचा. पर्वरीला पोचेपर्यंत त्याने जाळी कुरतडून मुठीएवढं भोक पाडलं होतं आणि डोकं बाहेर काढून तो धापा टाकत होता. सशाला घाम येत नाही, अंगातली उष्णता तो कानांवाटे सोडतो. त्याचे कान हाताला तापलेले लागले. रुमाल भिजवून ते पुसत पुसत मांडवीचा पूल ओलांडला.

डॉक्टरांनी त्याच्या दातांतून नायलॉनचे धागे काढले. ससा ओकू शकत नाही, पोटात गेलेलं पुढेच सरकावं लागतं. दोन दिवस मी त्याच्या लेंड्या मोजत बसले होते. पेटी टणकच हवी, असं डॉक्टरांनी बजावलं. माप आतून घ्यायचं, ससा अंग पसरून बसेल आणि वळेल एवढं. तळाला टॉवेल घालायचा, म्हणजे पाय घसरत नाहीत. झाकण वरून उघडणारं असावं, कारण दारातून ओढून काढताना ससा जोरात लाथा मारतो आणि त्यात त्याचा कणा मोडू शकतो.

पैसे परत मागितले तेव्हा विक्रेत्याने क्यूआर कोड पाठवला, "स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील." भावाने माझा हात धरला. "ताई, पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला नाही!" मी तसं लिहिताच त्याने मला ब्लॉक केलं. कुणी पिन टाकून बसला असेल तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे, पैसे अजून आलेले नाहीत.

चिकू आता गवत खातो. त्याची नवी पेटी म्हापशाहून आणली, टेप आत घालून मोजून. काल तीच जाहिरात पुन्हा दिसली, दुसऱ्या नावाने. कडीशेजारचा पांढरा ओरखडा मात्र तोच.