जुनी बुलेट: चारचा गिअरबॉक्स ठेवावा की पाचचा बसवावा?

ठाण्यात कास्ट आयर्न (जुन्या लोखंडी इंजिनाच्या) बुलेटवाले पाच गिअरचा बॉक्स शोधू लागतात, तेव्हा अपेक्षा बहुधा एकच असते: नाशिक हायवेला इंजिन कमी ओरडावं. नुसत्या बॉक्सने ते होत नाही.

पहिल्यापासून टॉपपर्यंत गिअर रेशो (आकडा मोठा तितका गिअर आखूड):
चारचा: २.७८, १.८४, १.३६, १.००
पाचचा: ३.०६, २.०१, १.५२, १.२१, १.००

टॉप दोन्हींत १.००. स्प्रॉकेट (चेन फिरवणारं दातेरी चाक) तेच असेल तर ताशी ७० ला आरपीएम पूर्वीइतकाच. एक पायरी मध्ये वाढली आणि पहिला गिअर १० टक्क्यांनी आखूड झाला, इतकंच.

फायदा कळतो कसारा किंवा माळशेजच्या चढावर. ४००० आरपीएमला तिसऱ्यातून चौथा टाकला की चारच्या बॉक्सवर इंजिन २९४० पर्यंत पडतं, दम सुटतो, पुन्हा तिसरा टाकावा लागतो. पाचच्यात चौथ्यातून पाचवा टाकला तर ३३०० उरतात.

आरपीएम उतरवायचा तर गिअरबॉक्स स्प्रॉकेटचे दात वाढवा. १६ चे १८ केले की ११ टक्के उतरतो. पण चारच्या बॉक्सवर पहिला गिअरही तेवढाच लांब होतो आणि घोडबंदरच्या रांगेत अर्धा क्लच धरून प्लेटा जळतात. पाचच्यावर १८ दात लावले तर ३.०६ चा परिणाम २.७२ इतका होतो, म्हणजे जवळजवळ जुनाच पहिला गिअर. पाचचा बॉक्स घ्यायचा तो या जोडीसाठी. ३५० वर डबलसीट घाट जास्त होत असतील तर मात्र १७ वरच थांबा.

दात आधीच ठरवा, कारण हे स्प्रॉकेट क्लचच्या मागे असतं. नंतर बदलायचं तर प्रायमरी (इंजिन ते क्लचचा भाग) पुन्हा उघडावी लागते. दोन दात वाढले की मागचं चाक साधारण ८ मिमी पुढे घ्यावं लागतं. स्पीडोमीटर पुढच्या चाकावर चालतो, त्यात फरक पडत नाही.

चारच्या बॉक्सवर गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्याला असतो. डाव्या पायाचा पाचचा बॉक्स म्हणजे ब्रेक उजवीकडे. म्हणून गिअर लिव्हर, ब्रेक पेडल आणि लिंकेज त्याच गाडीतून घ्या जिच्यातून बॉक्स निघाला. यूसीई इंजिनाचा (नंतरच्या बुलेटचं, युनिट कन्स्ट्रक्शन) बॉक्स इंजिनातच असतो, तो इथे बसत नाही. टाचेने न्यूट्रल करायचा लिव्हरही जातो, माजिवड्याच्या सिग्नलला त्याची आठवण येईल.

तक्रार फक्त खोट्या न्यूट्रलची (दोन गिअरांच्या मध्येच न्यूट्रल लागण्याची) असेल तर खर्च करू नका. चारच्या बॉक्सच्या बाहेरच्या कव्हरमागची स्टॉप प्लेट, तिचे दोन बोल्ट सैल करून, थोडी इकडेतिकडे सरकवा. बऱ्याचदा तेवढ्याने भागतं. गिअर लोडवर सुटत असेल तर मात्र डॉग (गिअर एकमेकांत अडकवणारे दात) झिजलेत, तिथे सेटिंग चालत नाही.

जुना बॉक्स घेताना स्प्रॉकेटचा शाफ्ट वर-खाली हलवून पाहा. खेळ जाणवला तर बेअरिंगचा खर्च किमतीतून वजा करून मागा.