मूडजिम: धडे चांगले आहेत, पण फोन कोण करणार?

नाशिकच्या एका रुग्णालयात औषधांच्या चाचण्या चालतात, तिथे मी कोऑर्डिनेटर आहे. "काका, उद्या व्हिजिट आहे, उपाशीपोटी या, उरलेल्या गोळ्या आणि रिकामी पाकिटं सोबत आणा," असे फोन दिवसभर करायचे आणि फायली सांभाळायच्या, हे माझं काम. त्यामुळे कुणी "हे सिद्ध झालंय" म्हटलं की मी आधी विचारते, कशाच्या तुलनेत? आणि मग, मधेच किती जण गळाले?

मॉनिटर, म्हणजे चाचणी नियमांप्रमाणे चालली आहे का ते बघणारा तपासनीस, फायली तपासायला येणार असं कळलं की माझी छाती आठवडाभर आधीपासून धडधडायची. झोप उडायची, जेवण जायचं नाही. मानसोपचारतज्ज्ञांना दाखवलं. त्यांनी सौम्य ते मध्यम चिंता आहे, गोळ्यांची घाई नको, सीबीटी करा, म्हणजे आपले विचार तपासून ते आणि वागणं बदलायला शिकवणारी उपचारपद्धती, असं सांगितलं. आता दर आठवड्याला सुट्टी काढून समुपदेशकाकडे जायचं, तेही रिक्षाचं भाडं आणि फी मोजून, हे काही जमण्यातलं नव्हतं. म्हणून ऑनलाइन कार्यक्रम शोधले आणि मूडजिमची वर्षाची वर्गणी भरली. पूर्वी तो फुकट होता.

कॅनबेरातल्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत हेलन क्रिस्टेन्सन आणि कॅथलीन ग्रिफिथ्स यांच्या गटाने तो बनवला आणि २००१ साली लोकांसाठी खुला केला. मूळ डोळ्यांसमोर होती ती तरुण मुलं, आणि ते जाणवतं. आत कार्टूनसारखी पात्रं भेटतात. नोप्रॉब्लेमोस नावाच्या एकाला कशाचंच काही वाटत नाही, तर एल नावाची मुलगी सगळा दोष स्वतःवर ओढून घेते. चाळिशी ओलांडलेल्या बाईला हे जरा पोरकट वाटणारच. मला पहिल्या धड्यात वाटलं, नंतर एलशी जमलं.

धडे पाच. भावना, विचार, वाकडे विचार सरळ करणं, ताण उतरवणं आणि नातेसंबंध. सुरुवातीला गोल्डबर्गच्या प्रश्नावल्या येतात, नैराश्याचे नऊ प्रश्न आणि चिंतेचे नऊ, उत्तर हो किंवा नाही. पुढे त्याच पुन्हा भराव्या लागतात, म्हणजे आपला आकडा खाली येतोय का ते कळतं. बाकी वाचायचं पुष्कळ आहे. व्हिडिओची सवय झालेल्यांना जड जाईल. मला फॉर्म भरायची सवय असल्यामुळे त्रास झाला नाही, उलट बरंच वाटलं.

खरा माल दुसऱ्या आणि तिसऱ्या धड्यात आहे. कि. मो. फडके यांच्यामुळे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसची विवेकनिष्ठ उपचारपद्धती ज्यांच्या वाचनात आली असेल, त्यांना ही जमीन ओळखीची वाटेल. प्रसंग लिहा, त्या वेळी मनात आलेला विचार लिहा, त्याच्या बाजूचा पुरावा लिहा, विरुद्ध बाजूचाही लिहा. मी लिहिलं, "एखाद्या संमतीपत्रावर सही राहिली असेल आणि माझी नोकरी जाईल." विरुद्ध बाजूला काय लिहायचं म्हणून गेल्या काही वर्षांच्या मॉनिटरच्या भेटी आठवल्या. सह्या राहिलेल्या सापडल्या होत्या. त्याची नोंद झाली, डॉक्टरांना कळवलं, नैतिकता समितीला पत्र गेलं. नोकरी कुणाची गेली नव्हती. डोक्यात हे मला माहीत होतंच, पण दोन रकान्यांत समोरासमोर लिहिल्यावर रात्री अडीचला त्याचा उपयोग होऊ लागला. धडधड पूर्ण थांबली असं मी म्हणणार नाही. आठवडाभर आधी सुरू व्हायची ती आता आदल्या संध्याकाळी सुरू होते.

वाकड्या विचारांच्या चाचणीत आपण कुठल्या बाबतीत जास्त अडकतो ते कळतं: सगळ्यांनी आपल्याला चांगलं म्हणावं, सगळ्यांनी प्रेम करावं, सगळं अचूक व्हावं, दुसऱ्याच्या मनःस्थितीची जबाबदारी आपलीच. शेवटच्यात मला भरघोस गुण पडले. पण इथे माझी तक्रार आहे. सासूबाईंचं तोंड उतरलं की स्वयंपाकघरात भांडी हळू ठेवायची, हे मला लहानपणापासून शिकवलेलं आहे. ते माझ्या डोक्यातलं वाकडेपण नाही, घरातल्या राहणीचा भाग आहे. या पेचावर कार्यक्रमाकडे उत्तर नाही. नातेसंबंधांच्या धड्यात प्रेमभंगावर बरंच आहे. जावा, नणंदा, वाटण्या वगैरे तुमचं तुम्ही बघा. जर्मन, नॉर्वेजियन, फिनिश अशा भाषांत तो उतरवला गेला आहे, मराठीत नाही. मी रकाने मराठीतच भरले, कारण इंग्रजीत माझी भीती फार शहाण्यासारखी बोलते.

आता चाचण्यांकडे. २००४ साली बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात कॅनबेराच्या गटाने निकाल छापले. नैराश्याची लक्षणं असलेले ५२५ लोक, चिठ्ठ्या टाकल्यासारखे तीन गटांत वाटलेले. एकाला मूडजिम, एकाला ब्लूपेजेस नावाचं फक्त माहिती देणारं संकेतस्थळ, आणि तिसऱ्याला नुसत्या गप्पा, म्हणजे रोजच्या राहणीबद्दल प्रश्न. पहिल्या दोन्ही गटांत तिसऱ्यापेक्षा लक्षणं कमी झाली. गंमत म्हणजे नुसती माहिती वाचणाऱ्यांनाही फायदा झाला. पण माझी नजर अडकली ती वेगळ्याच ओळीवर: तिन्ही गटांना दर आठवड्याला फोन जात होते, आणि ते करणारे तज्ज्ञ नव्हते, साधे मुलाखतकार होते. म्हणजे माझ्यासारखेच.

आमच्या कामात हे आम्ही रोज बघतो. फोन गेला की पेशंट येतो, गोळ्या वेळेवर घेतो, "तुमचा आवाज ऐकला की बरं वाटतं" म्हणतो. फोन थांबला की फाइलवर 'लॉस्ट टू फॉलो-अप', म्हणजे माणूस संपर्काबाहेर गेला. उघड्या इंटरनेटवर मूडजिमला आपणहून नाव नोंदवणाऱ्यांचंही तेच होतं, बहुतेक जण सुरुवातीच्याच धड्यांत सोडून जातात.

बनवणाऱ्यांनीच घेतलेली परीक्षा जरा सैल असू शकते, म्हणून मला २०१५ची इंग्लंडमधली चाचणी जास्त महत्त्वाची वाटते. तीही बीएमजेतच आली. ६९१ रुग्ण. काहींना मूडजिम, काहींना 'बीटिंग द ब्लूज' हा ब्रिटनमधला विकत मिळणारा कार्यक्रम, काहींना फक्त आपल्या फॅमिली डॉक्टरचे नेहमीचे उपचार. ते उपचार पहिल्या दोन गटांनाही चालूच होते. निकाल: संगणकाच्या धड्यांनी वेगळा असा काही फायदा दिसला नाही. लोकांनी ते केलेच कुठे होते? मूडजिमवाल्यांचा मध्यक, म्हणजे रांगेतल्या मधल्या माणसाचा आकडा, एक धडा, बीटिंग द ब्लूजवाल्यांचा दोन. पुस्तक न उघडता परीक्षेला बसण्यासारखंच हे. त्याच संशोधकांनी नंतर ३६९ जणांवर दुसरी चाचणी केली, या वेळी फक्त मूडजिम, एका गटाला फोनवरून सोबत आणि दुसऱ्याला जवळजवळ नाही. चार महिन्यांनी सोबतवाला गट थोडा पुढे होता. थोडाच, पण होता.

हे वाचून मी मिरजेच्या मामेबहिणीला कामाला लावलं. ती शाळेत गणित शिकवते, मानसशास्त्राशी संबंध शून्य. दर रविवारी दुपारी तिचा फोन, "काय गं, झाला का धडा?" झाला नसेल तर, "मग मी पुढच्या रविवारी कशाला फोन करू?" एवढंच. काय लिहिलं ते ती विचारत नसे. माझे पाचही धडे पूर्ण झाले त्याचं श्रेय मी अर्धं तिला देते.

लोकांनी दिलेल्या चांदण्या बघून अॅप निवडणाऱ्यांसाठी एक गोष्ट. वोबोट नावाच्या गप्पा मारणाऱ्या अॅपची २०१७ची चाचणी सगळीकडे गाजली. तीत ७० विद्यार्थी होते आणि काळ दोन आठवड्यांचा. २०२५च्या जूनअखेर ते अॅप बंदही झालं. मूडजिमचं अपयशही छापून आलेलं आहे, आणि नेमकं त्यामुळे मला त्याचा भरवसा वाटतो.

ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या मराठी मंडळींनी मात्र मूडजिमच्या आधी माइंडस्पॉट बघावं. मॅक्वारी युनिव्हर्सिटीची ही मानसिक आरोग्याची ऑनलाइन सेवा तिथल्या रहिवाशांना मोफत आहे. आठ आठवड्यांत पाच धडे, आणि दर आठवड्याला प्रशिक्षित थेरपिस्टचा फोन किंवा संदेश. म्हणजे मिरजेची मामेबहीण त्यांनी आधीच आत बसवली आहे.

माझे गुण: पाचपैकी साडेतीन. एक भाषेचा आणि घरच्या माणसांचा कापला, अर्धा कंटाळवाण्या मांडणीचा. इंग्रजी वाचायला अडचण नसेल, त्रास सौम्य किंवा मध्यम असेल आणि दर आठवड्याला विचारणारं कुणी असेल तर घ्या. विचारणारं कुणी नसेल तर पैसे वाया जाण्याची शक्यता जास्त. अंथरुणातून उठवत नसेल किंवा जगावंसं वाटत नसेल, तर हे घेऊच नका, डॉक्टरांकडे जा. त्या क्षणी कुणी नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.